वंजळीची वाटी

"मॅडमनी माझ्या मुलीच्या हातचं पाणी घेतलं नाही."

काकासाहेबांनी एवढं वाक्य वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवून मोनिकाकडे पाहिलं. मोनिका तेव्हा पाणीच पीत होती. मान मागे टाकलेली, बाटली ओठांपासून चार बोटं वर, आणि बारीक सरळ धार घशात उतरत होती. ती धार मधेच तुटली. तिला ठसका लागला, थोडं पाणी गळ्यावरून ओघळून ओढणीत मुरलं. काकासाहेब म्हणाले, "सावकाश, सावकाश," आणि कागद टेबलावर असा सरकवला, जसा कुणी आजारी माणसापुढं काढ्याचा पेला सरकवतो. खिडकीबाहेर नगरच्या रस्त्यावर दुपार तापलेली होती. समोरच्या दुकानाच्या पाटीवर कुणी गावाचं नवं नाव रंगवून घेतलं होतं आणि रंगाऱ्याची शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. मोनिकानं तोंड पुसलं. जामखेड, तिला आठवलं. जामखेडचं ते घर.

तक्रारी तिला नव्या नव्हत्या. नवराबायकोचं भांडण कौटुंबिक न्यायालयात गेलं आणि मूल कुणाकडं राहायचं असा प्रश्न उभा राहिला, की न्यायालय काकासाहेबांच्या कार्यालयाला सांगे, दोन्ही घरं बघून या. मग मोनिका पर्स, वही आणि पाण्याची बाटली घेऊन एसटीत बसे. मूल कुठं झोपतं, काय खातं, कुणाच्या मांडीवर न सांगता जाऊन बसतं हे बघे, लिहून देई. आणि मग ज्याच्या विरुद्ध अहवाल जाई त्याची तक्रार येई. मॅडम समोरच्या पार्टीला फितूर झाल्या. मॅडमना घर नीट बघायला वेळ नव्हता. एकानं तर लिहिलं होतं की मॅडमचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, त्यांना लेकरांतलं काय कळतं. अशा तक्रारींची तिला सवय झाली होती. बाभळीखालून जाणाऱ्याला काट्याची होते तशी. पण हरलेलाच तक्रार करतो, जिंकलेला पेढे आणतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव. आणि हा कागद जामखेडच्या वृषालीचा होता. अहवाल तर तिच्या बाजूनं गेला होता.

मोनिकानं कागद ओढून घेतला. अक्षर गोल, ठळक, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. 'अहवाल माझ्या बाजूनं आहे हे मला वकिलांनी सांगितलं आहे. अहवालाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मॅडम गेल्यावर मुलीनं मला विचारलं, सोनईच्या आजीसारखं या मॅडमला पण आपलं पाणी चालत नाही का? मला उत्तर देता आलं नाही. मॅडमनी माझ्या मुलीला उत्तर द्यावं, एवढीच मागणी आहे.'

तिनं ते वाचलं आणि तिच्या कानात एक आवाज उमटला. तेव्हा ऐकलेला, पण तेव्हा न ऐकलेला. पाण्याचा आवाज. डब्यात लावलेल्या कोथिंबिरीवर कुणीतरी पाणी हळूच ओतावं, तसा.

जामखेडला जायचं तर नगर जिल्ह्याच्या गावाला बीड जिल्ह्यातून जावं लागतं. कडा गेलं, आष्टी गेली, माती फिकी फिकी होत गेली. वृषालीचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, दाराशी पाण्याची निळी टाकी. टँकर आला की गल्लीतल्या बायका कशा धावत येतात हे त्या टाकीकडं बघूनच कळत होतं. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्यावर ताजा हार. मोनिकाचे हात आपसूक जुळायला निघाले होते, ओठांवर लहानपणापासूनचा नमस्कार आला होता, आणि तिनं तो गिळला. ती इथं पाहुणी नव्हती. ती न्यायालयाचे डोळे होती. न्यायालयाच्या डोळ्यांना कुणी आपलं नसतं, कुणी परकं नसतं, असं तिला शिकवलेलं होतं आणि ते तिला पटलेलंही होतं. वृषालीचे वडील बन्सीतात्या बाजेवरून उठून उभे राहिले. वृषाली नुकतीच कामावरून आलेली. ती एका लॅबसाठी घरोघर जाऊन तपासणीचं रक्त घेई. तिच्या खांद्याला अजून ती थंड पेटी लटकत होती. आणि मग आतून संस्कृती आली. दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले. हातात ताट, ताटात पेला, घरातला सगळ्यात चांगला, काठाला निळी फुलं असलेला. पेला काठोकाठ भरलेला. पोरगी पाण्यावरची नजर न काढता, श्वास धरून, एकेक पाऊल टाकत आली. जामखेडात पाणी सांडत नाहीत.

आणि मोनिका म्हणाली, "नको बाळा, माझ्याकडे आहे." इथवर ठीक होतं. दोन्ही घरी तिनं हाच नियम पाळला होता: पाणी नाही, चहा नाही, लेकराच्या हातचं बिस्कीटही नाही. घेतलं की दुसरी बाजू म्हणते, मॅडम तिकडं जेवून आल्या. पण उन्हातून आली होती, घसा वाळला होता. तिनं पर्समधून स्वतःची बाटली काढली, मान मागं टाकली आणि त्या भरल्या पेल्यासमोर, त्या पोरीसमोर, स्वतःचं पाणी प्यायली. वरून. न सांडता. मग झाकण लावून वही उघडली. पोरगी थोडा वेळ तशीच उभी राहिली असावी. मग आत गेली असावी. मग तो आवाज.

सोनईजवळच्या वस्तीवर, वृषालीच्या सासरी, हेच झालं होतं. तिचा नवरा संदीप, दुधाचा टेम्पो चालवणारा, मान खाली घालून बसलेला. आणि त्याची आई चांगुणाबाई दाट दुधाचा चहा घेऊन आलेली. "घ्या हो मॅडम. आपलंच घर हाय." मोनिकानं नको म्हटलं, बाटली काढली, प्यायली. चांगुणाबाई उलट खूश झाल्या. "लई कडक हायेत मॅडम. अशाच पायजेत." मग पदर सावरत, डोळे बारीक करून, "गायकवाड म्हंजी कुठले वो तुमी?" हा प्रश्न मोनिकानं आयुष्यभर ऐकला होता. गायकवाड दोन्हीकडं असतात, सगळीकडं असतात; आडनाव असं की विचारणाऱ्याला चैन पडत नाही. ती हसून म्हणाली होती, "नोकरीत सगळे सरकारचेच, आजी." एकच बाटली. एकच धार. तिथं तिचा कडकपणा झाला आणि इथं... इथं काय झालं ते त्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं.

"मॅडम," काकासाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. लोकांची भांडणं ऐकून ऐकून त्याच्या आवाजाला गोधडीचा मऊपणा आला होता. "मनाला लावून घेऊ नका. एक वाक्य लिहून द्या. तुमी सोता... म्हंजी त्याच समाजाच्या हायेत. संपला विषय. तक्रार निकाली. अहवाल ऱ्हातोय, तिचंबी भलं हुतंय, पोरगी आईकडं ऱ्हाती. न्हाईतर समोरचा वकील हाच कागद धरून म्हनंल, बघा, ज्या मॅडमवर खुद्द आईचा इश्वास न्हाई, त्यांचा अहवाल रद्द करा."

"ती येणार आहे का?"

"सोमवारी बोलवलंय. दोघी मायलेकींना."

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत मोनिका त्या एका वाक्याभोवती फिरत राहिली. सावेडीतल्या आपल्या खोलीत, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. लिहायला किती सोपं! आणि खोटं नाही त्यात काही. पण वाक्य जिभेवर धरलं की त्या पोरीचा चेहरा पुढं येई, पेल्याच्या काठावरून बघणारा. काय सांगायचं तिला? की मी तुमच्यातलीच आहे, म्हणून तुमचं पाणी मला चालतं? आपल्या माणसांना आपलं पाणी चालतं, हे तिला ठाऊकच होतं. तिनं ते विचारलंच नव्हतं.

आणि त्याहून खोल, तळाला, दुसरंच काही हलत होतं. बाटली नियमाची आहे असं मोनिका समजत होती. नोकरीच्या आधी कुठं होता नियम? कॉलेजात असताना मैत्रिणींच्या घरी जायची तेव्हाही तिच्याकडे बाटली असायचीच. शाळेतसुद्धा. आईनं गळ्यात अडकवलेली, लाल पट्ट्याची. "कुनाच्या घरी पानी मागू नगंस. तहान लागली तर ह्यातलं पी." आई असं का म्हणते हे तिनं कधी विचारलं नाही. मुली आईला सगळं विचारतात, हेच विचारत नाहीत. बाटलीची सवय झाली, सवयीची शिस्त झाली, शिस्तीचा नियम झाला, आणि नियमाखाली काय पुरलंय ते कुणी उकरून बघितलं नाही.

ते पुरलेलं ती बघू लागली. भंडारदऱ्याच्या खालचं, अकोले तालुक्यातलं गाव. तिथं पाण्याला तोटा नव्हता. पावसात डोंगराच्या कडेकडेनं पाणी उतरे, ओहोळ बोलत असत, भाताच्या खाचरांत आभाळ उतरून बसे. आणि त्या पाण्याच्या गावात तिची आजी, बनुबाई, तहानेची गाणी म्हणायची. दुसऱ्याच्या रानात लावणीला गेलेली बनुबाई. दुपारी पाणी मागितलं की मालकीण तांब्या घेऊन यायची, उंच धरायची. बनुबाई खाली बसायची, ओंजळ पुढं करायची. कितीही घट्ट जुळवा, ओंजळीला फटी असतातच. म्हातारी पुढं पुढं नातीला वरून पाणी प्यायला शिकवायची, खेळ म्हणून, अंगणात, खिदळत. न सांडता प्यायली की "जितलीस गं माजी बाय!" पण कधी संध्याकाळच्या वेळी, धान्य पाखडता पाखडता, तिच्या ओठांतून दुसरंच यायचं. आवाज चढवायची नाही. सूप वाजायचं आणि त्याच्या आडून ओवी यायची,

वरून वततं पानी, खाली वंजळीची वाटी
निम्मं गेलं मातीला, निम्मं बाई माझ्या व्हटी

मोनिकाला लहानपणी ही ओवी पावसाची वाटायची. तिच्या मनात त्या ओवीतली माती खूश असायची. मिळालं ना तिला निम्मं!

आणि आता वृषाली. रात्रीच्या रात्री मोनिका मनानं तिच्याकडं वळून वळून बघत होती, जसं चालून गेल्यावर माणूस मागं वळून एखादं झाड बघतो. अशा उन्हात हे कसं उभं आहे? प्रेमानं लग्न केलेली, सासरी सहा-सात वर्षं अंगण झाडून काढलेली, पण माठाला हात लावायला मुभा नसलेली. हे सगळं त्या कागदातल्या ओळीवरून मोनिकाला आता उमगत होतं; तिनं ते भेटीत सांगितलं नव्हतं. भेटीत ती म्हणाली होती, "माझं तिथं जमलं न्हाई," बस. जिच्या एका अहवालावर लेकीचं राहणं ठरणार, त्या बाईविरुद्ध ती कागद लिहिते. आणि जिंकत असताना लिहिते. माणूस जिंकताना किती गोष्टी गिळतो! मोनिकानं स्वतः किती गिळल्या होत्या. गिळता गिळता पगारदार झाली, बढतीला पात्र झाली. वृषालीच्या अक्षरात राग नव्हता. तिनं कुणाला कामावरून काढा म्हटलं नव्हतं, माफी मागा म्हटलं नव्हतं. मुलीला उत्तर द्या. बनुबाईला असं कुणाला विचारता आलं असतं तर? आईला? मोनिकाला वाटलं, तीन पिढ्यांची तहान त्या एका ओळीत सरळ उभी राहिली आहे, आणि ती ओळ आपल्या विरुद्ध लिहिलेली आहे. आणि तरी, कसं कोण जाणे, तिला त्या ओळीचा अभिमान वाटत होता.

सोमवारी मायलेकी आल्या. वृषालीनं इस्त्रीची साडी नेसलेली, थंड पेटी नसल्यामुळं तिचा एक खांदा उगीच मोकळा दिसत होता. संस्कृती शाळेच्या गणवेशात. तिच्या गळ्यात बाटली. गुलाबी, झाकणावर सशाचे कान असलेली. मोनिकाची नजर त्या पट्ट्यावर अडकली.

"बसा ताई," काकासाहेब म्हणाले. "तर तुमचं म्हननं..."

"लिहिलंय ते," वृषाली म्हणाली.

"वकिलांना इचारलंत का? कागद देयाच्या आधी?"

"इचारलं. ते म्हनले, वेड लागलंय का तुला. पिकल्यालं शेत सोताच्या हातानं पेटवाया निघालीस."

"मग?"

वृषालीनं काकासाहेबांकडं सरळ पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, मी लोकांच्या घरी जाते. सकाळच्या पारी, उपाशीपोटी माणसं हात पुढं करत्यात. माझ्या हातात रगत देत्यात लोक. त्याच घरात मला कुनी पानी इचारत न्हाई, ते मला चालतंय. मी मोठी हाय. पर हिनं..." तिनं पोरीच्या वेणीवर हात ठेवला. "ही सोनईला जाती, कोर्टानं ठरवल्यासारखं. आजी दारातच हिची बाटली घेती, मोरीत रिकामी करती, आन् मग त्यांच्या माठातलं भरून देती. लाडानंच करती. माया पन हाय तिची. म्हनून हिला वाटतं आसंच असतंय. मी हिला सांगत आले, बाई, ती आजीची खोड हाय, सगळं जग आसं न्हाई. मोठ्या शिकल्याल्या मॅडम येनारेत कोर्टाकडून, बघ, त्या आशा नसतील. आपन चांगल्या पेल्यात पानी देऊ." वेणी सारखी करत ती पुढं म्हणाली, "तिनं सकाळपासनं तो पेला घासला हुता."

मोनिकाला आपले हात कुठं ठेवावेत कळेना.

काकासाहेबांनी घसा साफ केला. "आवो मग ह्ये मोरीचं मॅडमना आधी सांगायचं! अहवालात आलं असतं. तुमची बाजू आजून बळकट झाली असती."

"आजी हाय ती तिची," वृषाली म्हणाली. "कोर्टात आजीला वाईट ठरवून पोरगी मिळवू का मी?"

तेव्हा मोनिकाला आपण लिहिलेला अहवाल आठवला. 'मुलीची आई समंजस व प्रेमळ आहे.' किती फिकी, किती बारीक अक्षरं ती! माणसाचं असं घर तिनं बघितलं होतं आणि तिला फक्त दोन खोल्या दिसल्या होत्या. काकासाहेब तिच्याकडं बघत होते. त्यांच्या भुवया सांगत होत्या, आता बोला, ते एक वाक्य बोला. वाक्य तयार होतं. बोललं की वृषालीचा चेहरा बदलला असता, कदाचित तिनं हात धरला असता, बाई आधी का न्हाई सांगितलं, आणि दोघी हसल्या असत्या, आणि अहवाल राहिला असता. आणि संस्कृतीनं ते ऐकून मनात ठेवलं असतं: आपल्यातली निघाली, म्हणून.

"तक्रार खरी आहे," मोनिका म्हणाली. "मी पाणी घेतलं नाही. नियम होता म्हणून घेतलं नाही. पण नियम सांगितला नाही, आणि तिच्यासमोर बाटली काढून प्यायले. साहेब, माझ्या जबाबात एवढंच लिहा. आणि हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्या. दुसऱ्या कुणाला पाठवा, नवा अहवाल होऊ द्या."

काकासाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग वृषालीकडं वळून, जडशीळ आवाजात म्हणाले, "ताई, समजून घ्या. चांगला आलेला अहवाल बाजूला पडंल. नवा मानूस येनार. त्याला काय दिसंल, तो काय लिहील, आपल्या हातात न्हाई. पोरीचा प्रश्न हाय. आजून कागद माघारी घेता येतो."

वृषालीचा हात पोरीच्या वेणीवर होता, तो तिथंच घट्ट झाला. पोरगी "आई, दुखतंय," म्हणाली. हात सैल झाला. मोनिकानं त्या चेहऱ्यावर भीती बघितली, खरीखुरी, पांढरी. रात्री उठून शेजारी लेकरू आहे ना हे चाचपणाऱ्या बाईची. क्षणभर मोनिकाला वाटलं, आता ही कागद मागेल, आणि मागितला तर त्यात काही वावगं नाही.

"येऊ द्या कुनालाबी," वृषाली म्हणाली. "घर तेच हाय." आवाज पुढं फाटला, तरी तिनं वाक्य सोडलं नाही. "पोरगी तीच हाय. आन् पेला घासून ठेवते मी."

काकासाहेबांनी पेन उचललं आणि लिहू लागले. त्यांनी पुन्हा काही समजावलं नाही. लिहून झाल्यावर कागद फिरवून मोनिकापुढं केला. तिनं सही केली. सही करताना तिला हलकं वाटलं नाही. तिच्या सहीनं त्या बाईच्या पदरातला एक आधार काढून घेतला होता, आणि बाई सरळ बसलेली होती.

मग मोनिका खुर्चीवरून उठली आणि संस्कृतीसमोर, फरशीवर, गुडघे टेकून बसली. पोरगी अंग चोरून आईला चिकटली.

"तू विचारलंस ना आईला?" मोनिका म्हणाली. "तू पेला आणलास तेव्हा मला खूप तहान लागली होती. मी चुकले. आता मी तुमच्या घराचं काही लिहिणार नाही, म्हणून आता मला मागता येतं. देशील?"

"पेला न्हाई इथं," संस्कृती म्हणाली.

"बाटलीतलं दे."

पोरीनं आईकडं बघितलं. मग गळ्यातला पट्टा काढला, सशाचे कान फिरवून झाकण उघडलं आणि बाटली पुढं केली. निम्मीच उरली होती. आष्टी-कड्यावरून उन्हात तापत आलेली. मोनिकानं ती घेतली, मान मागं टाकली, हात आपोआप वर गेला, चार बोटं वर, इतक्या वर्षांचा सराईत हात. आणि तिथं थांबला. पोरगी तिच्या घशाकडं टक लावून बघत होती. कुठंतरी सूप वाजत होतं. मोनिकानं हात खाली आणला, बाटली ओठांना लावली आणि प्यायली. कोमट, मचूळ, टँकरचं पाणी. ते सरळ आत गेलं.

"मॅडम!" संस्कृती ओरडली. "तोंड लावलं तुमी! उष्टी केली!"

"संस्कृती!" वृषाली म्हणाली, पण तिचा आवाज भलत्याच ठिकाणी हसला आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"केली," मोनिका म्हणाली. "आता याची पण तक्रार करतेस का?"

पोरीनं बाटली परत घेतली. आत डोकावून पाहिलं, हलवून पाहिली. शाळेत अशी बाटली कुणी घेत नसतं, हे तिच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग तिनं खांदे उडवले, बाटली तशीच, न पुसता, तोंडाला लावली आणि उरलेलं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

मोनिकानं खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.